वन्सं आणि पोरांचे लॅपटॉप

माझ्या थोरल्या नणंदबाईंनी आजवर स्वतःसाठी एकही लॅपटॉप घेतलेला नाही. पण बोरिवली ते पार्ले या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत कॉलेजात गेलेलं आणि त्यांना न विचारता लॅपटॉप घेतलेलं एखादं पोर जर कुणी मला आणून दाखवलं, तर मी त्या पोराची दृष्ट काढीन. बारावीचा निकाल लागला की बाकीच्या घरांतले पेढे आधी देवळात जातात. बोरिवलीच्या त्यांच्या सोसायटीतले पेढे आधी दुसऱ्या मजल्यावर वन्संकडे येतात. पेढा हातावर ठेवता ठेवताच पोराची आई विचारते, "मग आता कुठला घ्यायचा हो?" वन्सं पेढा सावकाश संपवतात, पोराला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात आणि पहिला प्रश्न करतात, "बाळा, चहा पिताना सांडतोस का?" सांडणाऱ्यांना वेगळा सल्ला, न सांडणाऱ्यांना वेगळा. खोटं बोलणाऱ्यांना तिसराच, कारण त्या लगेच आत जाऊन चहा करून आणतात आणि समोर बसून बघतात.

'वन्सं' हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. माझं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं की थोरलीला वन्सं म्हणायचं, आणि मी म्हणू लागले, ते तोंडात बसलं ते बसलंच. माझी मुलगी तन्वी लहान असताना तिला ते आत्याचं नावच वाटायचं. वन्सं सरकारी कचेरीत आयुष्यभर टायपिस्ट होत्या, मग हेडक्लार्क झाल्या आणि निवृत्त झाल्या त्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळाकडे बघत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. शेजारच्या एका मुलाला लॅपटॉप घ्यायला दुकानात सोबत कुणी नव्हतं म्हणून त्या गेल्या, दुकानदाराशी पावणेदोन तास भांडल्या, आणि परत आल्या त्या तज्ज्ञ होऊनच.

कंपन्यांची नावं मात्र त्या कधीही घेत नाहीत. "एकदा माझ्या तोंडून नाव गेलं की पोरं डोळे मिटून तेच घेऊन येतात," असं त्यांचं म्हणणं. "उद्या बिघडला तर शिव्या कोणाला? मला!" त्यामुळे जगातल्या समस्त लॅपटॉपांची त्यांनी स्वतःच्या सोयीने पाच कुळं पाडली आहेत. चंदेरी, काळा, उलट्या, दिवेलागण आणि वडिलोपार्जित. उलट्या म्हणजे ज्याचा पडदा पार मागे वळून पाठीला लागतो तो. दिवेलागण म्हणजे पोरं गेम खेळायला घेतात तो, ज्याच्या बटणांखाली लाल-निळे दिवे पेटतात. आणि वडिलोपार्जित म्हणजे बाबांच्या ऑफिसातून सुटून पोराच्या दप्तरात आलेला, ज्याच्या पाठीवर अजून ऑफिसचा नंबर चिकटवलेला असतो. हे लिहितानाही मी एकाही कंपनीचं नाव घेणार नाही, कारण वन्सं हे वाचणार आहेत.

यातलं कुठलं कूळ कुठे चालतं हे त्यांना तोंडपाठ. जर्नलिझमवाली पोरं चंदेरी घेतात. निम्मी खरंच आवडतो म्हणून, निम्मी शेजारणीकडे आहे म्हणून. कॉमर्सवाले काळा. इंजिनिअरिंगची पोरं पहिल्या वर्षी दिवेलागण घेतात, दोन वर्षं ते ओझं पाठीवर वाहतात, आणि तिसऱ्या वर्षी कंबर धरली की काळ्यावर येतात. आणि उलट्या कोण घेतं? "ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं ती," वन्सं गंभीरपणे सांगतात. कुठल्या वर्गात कुठला लॅपटॉप चालणार हे जूनमधल्या पहिल्या आठवड्यात ठरतं, असा त्यांचा सिद्धांत आहे. पहिल्या आठवड्यात जे पोर बाकावर ऐटीत लॅपटॉप उघडतं, त्याला त्या 'पुढारी' म्हणतात. जूनमध्ये सगळे म्हणतात, अजून बघतोय; गणपतीपर्यंत निम्म्या वर्गाकडे पुढाऱ्याचाच लॅपटॉप असतो आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी स्वतः नेटवर वाचून निवडला.

लॅपटॉप पारखायच्या त्यांच्या पद्धती नेटवर कुठेही सापडणार नाहीत. एक म्हणजे मांडी. दुकानात गेल्या की त्या स्टूल मागवतात, लॅपटॉप चालू करून मांडीवर घेतात आणि सुती साडीवरून तो किती तापतो हे बघत वीस-पंचवीस मिनिटं स्वस्थ बसून राहतात. अंधेरीतल्या एका दुकानात तिथला सेल्समन काकुळतीला येऊन म्हणाला, "मॅडम, टेबलावर ठेवा ना." वन्सं म्हणाल्या, "लॅप म्हणजे मांडी, एवढं इंग्रजी मला येतं. टेबलावर ठेवायचा असता तर टेबलटॉप नाव दिलं असतं." दुसरी पद्धत म्हणजे टायपिंग. बटणं कशी आहेत हे बघायला लोक चार अक्षरं खरडतात. वन्सं शासकीय पत्र लिहितात. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' एवढं झालं की बोटांचं समाधान होतं आणि त्या पुढच्या लॅपटॉपकडे वळतात. त्या अंधेरीच्या दुकानात मांडून ठेवलेल्या झाडून सगळ्या लॅपटॉपांवर एका दुपारी हे पत्र उमटलं. मालक बाहेरून आला आणि ओरडला, "अरे यार, ये महोदय है कौन?" त्याला वाटलं व्हायरस शिरला. त्याने सगळी मशीन बंद करून इंजिनिअरला बोलावलं. वन्सं शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी इंजिनिअरला एवढंच सांगितलं की 'अनुसरून'मधला नु पहिला असतो, तेवढा दुरुस्त करा, घाईत माझा दीर्घ पडला.

तिसरी पद्धत तांदळाची. दिवेलागण घ्यायला निघालेल्या प्रत्येक पोराला त्या सांगतात, "आठ दिवस त्याच्या वजनाचा तांदूळ दप्तरात घालून कॉलेजला जा. नवव्या दिवशी तुझा खांदा काय म्हणतो ते मला सांग." बहुतेक पोरं हसून सोडून देतात. त्यांच्या सोसायटीतल्या एकाने मात्र खरंच केलं. सहाव्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत दप्तराची शिवण उसवली, तांदूळ भुर्रकन फरशीभर पसरला, आणि खिडक्या उघड्या असल्यामुळे पाच मिनिटांत पार्ल्यातली निम्मी कबुतरं संदर्भ विभागात उतरली. लायब्ररी अर्धा दिवस बंद ठेवावी लागली. मुलाने दिवेलागणच घेतला, पण वन्संना त्याचा राग नाही. "त्याने निदान करून तरी बघितलं," असं म्हणतात.

तर अशा वन्संच्या घरातली पहिली मुलगी, म्हणजे आमची तन्वी, पार्ल्याच्या कॉलेजात लागली, तेव्हा काय होणार हे उघड होतं. आम्ही घाटकोपरला राहतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वन्सं आमच्याकडे आल्या, तन्वीला जवळ घेतलं, तोंडात पेढा कोंबला आणि माझ्या नवऱ्याला, म्हणजे स्वतःच्या धाकट्या भावाला म्हणाल्या, "हिच्या लॅपटॉपचं तू बघू नकोस. इतरांचं मी अंदाजपंचे सांगते. हिचं नीट करायचं. हिच्या कॉलेजातल्या पोरांना एकेक करून विचारते, कोणाकडे कुठला, का घेतला, सुखी आहे का. मग ठरवू."

"ताई, दोन आठवड्यांत लागेल तिला," माझा नवरा चाचरत म्हणाला.

"दोन आठवड्यांत पाळण्यातलं नाव ठरत नाही," वन्सं म्हणाल्या आणि पर्समधून एक जाडजूड वही काढून त्यात रकाने आखायला बसल्या.

कॉलेजच्या फाटकावर रखवालदाराने अडवलं तेव्हा त्यांनी आपलं निवृत्त कर्मचाऱ्याचं ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं आणि हेडक्लार्कच्या आवाजात "पाहणीला आलेय" एवढंच म्हणाल्या. त्याने सलाम ठोकला. पुढे तो रोज ठोकत राहिला. तिसऱ्या आठवड्यात उपप्राचार्याबाईंनी बोलावून घेतलं आणि विचारलं, "आपण कुठल्या समितीतर्फे आलात?" वन्सं म्हणाल्या, "समिती नाही. मी एकटीच आहे." तासाभराने त्या बाहेर आल्या त्या चहा पिऊन, बाईंच्या भाच्यासाठी उलट्या घेऊ नका असा सल्ला देऊन, आणि कॅन्टीनमध्ये बसायची लेखी परवानगी घेऊन. परवानगीच्या पत्रातल्या दोन चुकाही त्यांनीच दुरुस्त केल्या होत्या.

तन्वीचे मात्र हाल झाले. मला वर्ग चालू असताना तिचे मेसेज यायचे. मी इथल्या एका शाळेत सकाळच्या सत्रात शिकवते. 'आई, आत्या कॅन्टीनमध्ये. परत.' मग, 'आई, माझ्यापेक्षा जास्त फ्रेंड्स आहेत तिला.' मग, 'आई, सगळे तिला मावशी म्हणतात. सिनिअर पण. वाट लागलीये माझी.' घरी आल्यावर ती दप्तर फेकून म्हणायची, "अगं, ती एकेकाच्या टेबलावर तास-तासभर बसते! लॅपटॉपचं विचारायला एक तास लागतो का?" मी म्हणायचे, "खोलात जात असतील." वन्संनी एकदाच मला सांगितलं होतं की त्याही अकरावी-बारावीनंतर पार्ल्यालाच कॉलेजात लागल्या होत्या. पुढे माझ्या सासऱ्यांची, म्हणजे वन्संच्या वडिलांची, गिरणी बंद पडली आणि महिन्याभरात त्यांना नोकरी धरावी लागली. "वर्गात बसले थोडे दिवस. कॅन्टीनमध्ये जायचं तेवढं राहून गेलं," असं म्हणाल्या आणि विषय बदलला. तन्वीला हे मी तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

त्या वहीत काय काय होतं! एका मुलीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'चंदेरी. ओरखडा पडेल म्हणून उघडत नाही. वहीतच लिहिते.' एका मुलाच्या, 'दिवेलागण. गेम खेळत नाही. मित्र खेळतो.' आणि चैताली नावाच्या मुलीपुढे नुसतं, 'वडापाव. शहाणी मुलगी.' चैताली ही तन्वीच्याच वर्गातली, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, आई मासळी विकते. तिच्या लॅपटॉपवर कंपनीच्या चिन्हाच्या जागी वडापावचं भलंमोठं स्टिकर होतं. वन्संना ते पाहून भरून आलं. कंपनीला भीक न घालणारी एकतरी मुलगी भेटली! त्यांनी तिला शाबासकी दिली, तशी चैताली ओशाळली आणि म्हणाली, "तसं नाही ओ मावशी. भावाचा जुना आहे. सगळ्यांकडे चंदेरी आहे ना, म्हणून लावलंय." वन्संनी स्टिकरवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चालतो ना?" "एकदम झकास चालतो." "मग ते स्टिकर काढ बघू." चैतालीने काढलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वन्संच्या चष्म्याच्या डबीवर वडापावचं स्टिकर दिसू लागलं.

जून गेला, जुलै गेला. तन्वीचं पहिलं प्रोजेक्ट आलं. ती मैत्रिणींचा लॅपटॉप मागून मागून काम करायची आणि रडवेली होऊन घरी यायची. वन्संना विचारलं की म्हणायच्या, "थोडं राहिलंय गो. आर्ट्सची पोरं सकाळची असतात, ती सापडत नाहीत." शेवटी एका शनिवारी माझा नवरा मुकाट्याने तन्वीला घेऊन घाटकोपरच्या दुकानात गेला आणि लॅपटॉप घेऊन आला. मला म्हणाला, "ताईचं ठरलं की सांगू, कालच आणला म्हणून." मी हो म्हटलं. त्यात मीही सामील होते, हे इथे कबूल करते.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात लॅपटॉप नव्हता, चोरीचा माल होता. दारावरची बेल वाजली की तन्वी तो घेऊन पळायची. कधी तो इस्त्रीच्या कपड्यांखाली गेला, कधी गहू ठेवायच्या पिंपावर, एकदा तर देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, आणि नेमकी त्या दिवशी वन्संना उदबत्ती लावायची हुक्की आली. "अहो वन्सं, संपल्यात उदबत्त्या!" मी ओरडले. देव्हाऱ्यात उदबत्तीचा नवाकोरा पुडा समोरच होता. वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, झालं. पण त्या म्हणाल्या, "माधवी, डोळे तपासून घे गो बाई."

आणि मग तो रविवार आला. तन्वी जेवणाच्या टेबलावर प्रोजेक्ट करत होती. बेल वाजली, दाराच्या भिंगातून नवऱ्याने पाहिलं आणि "ताई!" एवढंच कसंबसं म्हणाला. तन्वीने लॅपटॉप मिटला, त्याने तो तिच्या हातून हिसकावला, दोनदा स्वयंपाकघराला प्रदक्षिणा घातली, आणि वॉशिंग मशीनचं झाकण उघडून आतल्या चादरींखाली खुपसला. मी दार उघडलं. वन्संचा चेहरा नुसता फुलला होता. त्या सबंध आरेच्या जंगलातून बसने, दोन बस बदलून आल्या होत्या, हातात वही, पर्समध्ये घडी घातलेला कागद. "झालं!" त्या उंबऱ्यातच म्हणाल्या. "आज निकाल. तन्वी, पाणी आण. आणि सगळे बसा."

आम्ही बसलो. पण वन्संना कुठेही गेलं की हातासरशी एखादं काम उरकायची सवय. पाणी पिऊन भांडं ठेवायला त्या आत गेल्या आणि आतून आवाज आला, "माधवी, चादरी भरून ठेवल्यायस आणि मशीन लावलं नाहीस! लावते मी."

माझा नवरा एरवी खुर्चीतून उठायलाही दोनदा सांगावं लागणारा माणूस. तो टीपॉय ओलांडून धावला. "ताई, नको!" अशी किंकाळी त्याने फोडली की खालच्या मजल्यावरच्यांनी गॅलरीत येऊन वर पाहिलं. वन्संचं बोट बटणावर होतं. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग मशीनकडे पाहिलं, झाकण उघडलं, चादरी बाजूला केल्या आणि लॅपटॉप बाहेर काढला.

त्यांनी पदराने त्याच्यावरचा साबणाचा चुरा पुसला, उलटापालटा करून पाहिला, सवयीने हातावर तोलून वजन पाहिलं. काळा होता. मग त्यांनी पर्समधला कागद काढून उघडला. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'चि. तन्वीसाठी: काळा, मध्यम आकाराचा.'

"म्हणजे आम्ही बरोब्बर घेतला की ताई!" माझा नवरा आनंदाने म्हणाला. लग्नाला वीस वर्षं झाली, पण तो इतकं चुकीचं वाक्य इतक्या चुकीच्या वेळी याआधी कधी बोलला नव्हता.

वन्संनी कागदाची घडी घातली. "चालतो ना गो नीट?" त्यांनी तन्वीला विचारलं. तन्वीने मान डोलावली. "मग झालं." त्या जेवायला थांबल्या, भाजीला नावं ठेवली नाहीत, आणि हीच सगळ्यात वाईट खूण होती. जाताना वही आमच्याच टेबलावर राहिली. मी मागून खाली धावत गेले, तर म्हणाल्या, "राहू दे. आता काय करायचीय?"

त्यानंतर वन्सं कॉलेजात गेल्या नाहीत. बोरिवलीच्या सोसायटीत कुणी पेढे घेऊन आलं तर म्हणू लागल्या, "दुकानात विचारा, ते नीट सांगतात." फोन केला की तब्येत, पाणी, भाजी एवढंच बोलायच्या. इतकी वर्षं ज्या आवाजाला आम्ही कंटाळलो होतो, तो आवाज असा सरळ आणि शहाण्यासारखा झालेला ऐकवेना. त्याच सुमारास मी तन्वीला त्यांच्या कॉलेजची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी ती घरी आली ती चैतालीला घेऊनच.

"काकू, मावशी का येत नाहीत?" चैतालीने विचारलं. "आजारी आहेत का? सगळी पोरं मला विचारतात. आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांना मी त्यांच्या वहीचं सांगितलं ना, तर सर म्हणतात, त्यांना आमच्या वर्गात घेऊन या, मुलांना दाखवू दे पाहणी कशी करतात ते."

आम्ही तिघी बोरिवलीला गेलो. वन्सं डाळ निवडत बसल्या होत्या. चैतालीने आईने दिलेला सुक्या जवळ्याचा डबा पुढे केला तसं त्यांनी तिला आत ओढलंच. तन्वी दारातच उभी राहून पुटपुटली, "आत्या, सॉरी."

"सॉरी कसलं? मशीन चालू झालं असतं तर सॉरी." वन्संनी ताट बाजूला सारलं. "ये, बस. तुझ्या बापाला मात्र मी सोडणार नाही. मेल्याक लपवूक दुसरी जागा गावली नाय!" वन्सं मालवणीत शिरल्या म्हणजे राग उतरला, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे. तरीही वर्गात यायला त्या तयार होईनात. "मी कुठे कॉलेजात बोलायची? माझं शिक्षण काय?" असं दोनदा म्हणाल्या. मग तन्वी म्हणाली, "तुझं राहून गेलेलं कॉलेज आमच्याच कॉलेजच्या शेजारी होतं ना? मग चल की." वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी डाळीतला एक खडा शोधायला लागले.

कॅलेंडरच्या पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर स्केचपेनने काढलेले तक्ते घेऊन वन्सं त्या वर्गात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी तक्त्यांची गुंडाळी छातीशी घट्ट धरली होती. मी शेवटच्या बाकावर होते. सरांनी आदराने विचारलं, "मावशी, तुमचं सॅम्पल कसं निवडलंत?" वन्सं म्हणाल्या, "सॅम्पल नाही हो काही. दिसलं त्याला विचारलं." वर्ग हसला, सरही हसले, आणि वन्संनी गुंडाळी उलगडली. मग पाऊण तास त्यांनी पुढाऱ्यांपासून तांदळापर्यंत सगळं सांगितलं. कबुतरांच्या गोष्टीला तर पोरांनी बाकं वाजवली. शेवटी एकाने विचारलं, "पण मावशी, सगळ्यात बेस्ट कुठला?" सगळे श्वास रोखून बसले. वन्संनी तक्त्यांकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "एवढ्यात कसं सांगू? अजून मुलुंड राहिलंय."

मुलुंड मात्र राहूनच गेलं. त्या दिवाळीनंतर वन्संचे गुडघे बोलू लागले. जिना उतरणं बंद झालं, बस तर लांबच. डॉक्टरांनी ऑपरेशनचं सुचवलं आहे, आणि वन्सं डॉक्टरांच्याच मुलाला लॅपटॉप सुचवून वेळ मारून नेतात. फोनवर मात्र रोज विचारायच्या, "मुलुंडचं काय करायचं गो?" शेवटी एक दिवस मीच म्हटलं, "वन्सं, मी जाऊ का? साडेअकराला माझी शाळा सुटते, घाटकोपरहून काही लांब नाही." मग त्यांनी मला वीस मिनिटं सूचना दिल्या. एकदम लॅपटॉपवर जायचं नाही. आधी 'इथे बसू का' विचारायचं. पोर काही खात असेल तर संपेपर्यंत थांबायचं.

मी गेले. मुलुंडच्या एका कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, कोपऱ्यातल्या टेबलावर एक मुलगी एकटीच लॅपटॉप उघडून बसली होती. मी 'इथे बसू का' विचारलं. तिने दप्तर उचलून जागा केली. संगमेश्वरची होती, शिकायला मुलुंडला मावशीकडे राहिलेली. आईचं सोमवारी डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि परीक्षा असल्यामुळे हिला जाता येत नव्हतं. बोलता बोलता ती आईच्या शेळ्यांवर आली, मग धाकट्या भावाच्या खोड्यांवर, मग मुलुंडच्या मावशीचा स्वयंपाक कसा अळणी असतो त्यावर. आम्ही दोनदा चहा घेतला. तिच्या तासाची घंटा झाली, तिने लॅपटॉप मिटून दप्तरात टाकला, "येते हं काकू" म्हणाली आणि गेली. माझ्या घरात माझ्याशी इतकं कुणी सलग बोलल्याला किती दिवस झाले, याचा मी रिकाम्या कपाकडे बघत हिशेब करत बसले.

बाहेर येऊन वन्संना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि लॅपटॉप कुठला होता तिचा?"

"वन्सं, विचारायचंच राहिलं हो. पाहायचंसुद्धा राहिलं. माझ्या समोर उघडा होता तासभर."

आता चांगलीच खरडपट्टी निघणार म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला. खरडपट्टी निघेना, तसा पुन्हा कानाला लावला. मग वन्सं हळूच म्हणाल्या, "असू दे. माझंही पुष्कळदा राहायचं. घरी येऊन मी अंदाजाने लिहायचे."

आणि लगेच पुढे म्हणाल्या, "ऑपरेशन सोमवारी ना तिच्या आईचं? मग मंगळवारी परत जा. कसं झालं विचार. आणि जाताना काहीतरी चमचमीत करून ने, अळणी खाऊन पोर वाळली असेल."

मंगळवारी शाळा सुटल्या सुटल्या मी मुलुंडला गेले. डब्यात चैतालीच्या आईकडून आणलेला जवळा होता, वन्संनी सांगितला तसा, कांदा जास्त घालून केलेला. ती मुलगी त्याच टेबलावर बसली होती आणि मला लांबूनच पाहून तिने दप्तर उचलून जागा केली.